कुलगुरूंचे चार क्रेडिट

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही खडकवासल्याच्या पलीकडे आमच्या गावात, एकाच खोलीत चारही वर्ग. ऱ्हस्व-दीर्घ शिकवायचा गुरुजींचा विचार होता, पण तोवर माझी शाळा संपली. तेव्हा एखादी वेलांटी इकडची तिकडे गेली असेल तर माफ करा आणि अंदाजाने वाचा. ओळी वाकड्या दिसतील, त्याला वहीही जबाबदार आहे. ही वही मेकॅनिकल इंजिनिअरिंगची आहे. तिचं एक पान रेघांचं आणि एक कोरं. रेघांच्या पानावर मी सरळ जाते, कोऱ्या पानावर उतार लागतो.

वही ज्याची, त्याच्याबद्दलच लिहायचं आहे. त्याचं नाव अनिकेत सोनटक्के. आमच्या खानावळीत त्याला सगळे कुलगुरू म्हणायचे.

कुलगुरू जेवायला आला की आधी ताट घ्यायचा नाही. आधी दाराच्या कडीला माझा काटा अडकवायचा. आमच्या ह्यांनी मार्केट यार्डातून आणलेला लटकता काटा आहे तो. वर कडी, खाली आकडा, मध्ये घड्याळासारखी तबकडी. मी त्यावर कांदे-बटाटे तोलते. कुलगुरू त्यावर मुलांची दप्तरं तोलायचा. एकेकाची सॅक आकड्याला लावायची, सुई थरथरायची थांबेपर्यंत स्वतः श्वास धरून उभं राहायचं आणि मग आकडा वहीत लिहायचा.

‘‘गायत्री, पाच किलो दोनशे. कालच्यापेक्षा तीनशे ग्रॅम जास्त. काय वाढलं?’’

‘‘छत्री,’’ गायत्री म्हणायची.

‘‘छत्री अभ्यासक्रमात नाही. वजा करतो.’’

कसबा पेठेत आमच्या दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत मी आणि गॅस, बाहेरच्या खोलीत दोन लांब बाकं आणि मुलं. मी फार बोलत नाही. पोळी हवी का, भात वाढू का, एवढंच. चार माणसांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की माझ्या घशात काहीतरी येतं, ते लहानपणापासूनच. पण कान चांगले आहेत. गेली सात वर्षं मी दाराआडून मुलांचं बोलणं ऐकते आहे आणि खात्रीने सांगते, पुण्याला शिकायला आलेली मुलं जेवताना एकाच गोष्टीबद्दल बोलतात. ती गोष्ट म्हणजे, माझा अभ्यास तुझ्या अभ्यासापेक्षा जास्त आहे.

त्या वर्षी रोजचे चौघे होते. गायत्री संगमनेरची, वकिलीच्या तिसऱ्या वर्षाला. इरफान बारामतीचा, औषधांचं शिकणारा, म्हणजे बी. फार्म. मंदार चिपळूणचा, बी. ए. करणारा आणि विषय तत्त्वज्ञान. आणि चौथा अनिकेत, जिंतूरचा, मेकॅनिकलवाला. एका दुपारचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

‘‘चाळीस खटले पाठ करायचेत,’’ गायत्री म्हणाली. ‘‘नावांसकट. परवापर्यंत.’’

‘‘तुझे खटले फाटत तरी नाहीत,’’ इरफान म्हणाला. ‘‘मी आज पाच तास लॅबमध्ये उभा होतो. एक क्रीम बनवलं, ते फाटलं. परत बनवलं, परत फाटलं. आता जर्नल लिहायचं, क्रीम का फाटलं.’’

‘‘का फाटलं?’’

‘‘तेच तर माहीत नाही. म्हणून आठ पानं लिहायचीत.’’

मंदार खाली मान घालून आमटी-भात कालवत होता.

‘‘आणि मंदारशेठ, आपण आज काय केलंत?’’ गायत्रीने विचारलं.

‘‘एक परिच्छेद वाचला.’’

‘‘एक?’’

‘‘अर्धाच झाला खरं तर.’’

इरफानला ठसका लागला. गायत्री म्हणाली, ‘‘फार ताण घेऊ नकोस रे. उरलेला अर्धा दिवाळीनंतर घे.’’

तेव्हा कुलगुरूने हात वर केला. हाताला आमटी लागलेली होती, तरी त्याचा रुबाब कमी झाला नाही. ‘‘थांबा. तोंडी नको, आकड्यात बोला.’’

हे त्याचं पेटंट वाक्य. पाऊस फार पडला म्हटलं, तरी तो म्हणायचा, तोंडी नको, आकड्यात बोला. भाजी तिखट झाली म्हटलं, तर मिरच्या किती ते विचारायचा. मग त्याने सूत्र सांगितलं. दप्तराचं वजन, गुणिले उभं राहण्याचे तास, भागिले झोप. ह्या हिशोबाने इरफान पहिला आला, गायत्री दुसरी आली आणि मंदार इतका खाली गेला की त्याला टपालाच्या पाकिटाशी बरोबरी करावी लागली. त्या दिवशी तो दोनच पोळ्या जेवला. पोळ्यांच्या बाबतीत माझा हिशोब चुकत नाही. तो रोज चार खातो.

दोन दिवसांनी कुलगुरू आला तो मंदारचं पुस्तक हातात घेऊन. सगळे बसल्यावर काट्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘जाहीर निवेदन. सूत्रात चूक होती. मी ह्या पुस्तकाचं एक पान काल वाचायला घेतलं. चार तास लागले.’’

‘‘समजलं?’’ इरफानने विचारलं.

‘‘नाही. म्हणूनच निवेदन करतो आहे. मंदारचा लोड काट्याच्या बाहेर आहे. त्याच्या रकान्यात मी आकडा लिहिणार नाही.’’

आणि त्याने वहीत मंदारच्या नावापुढे नुसती एक आडवी रेघ मारली. त्यानंतर मंदारला कोणी चिडवलं नाही. त्या दिवशी मंदार पाच पोळ्या जेवला.

लोड मोजून झाला की मुलं पुढचे बेत करायची. पदवी मिळाल्यावर काय, हा विषय ताकापर्यंत चालायचा. गायत्रीला न्यायाधीशाची परीक्षा द्यायची होती. इरफानच्या मामांचं औषधांचं दुकान होतं, पण त्याला कारखान्यात जायचं होतं. मंदारला सगळे विचारायचे, स्पर्धा परीक्षा देणार ना, आणि तो नाही म्हणाला की बाकीचे त्याच्या आईवडिलांसाठी हळहळायचे. कुलगुरू प्रत्येकाचा बेत लिहून द्यायचा. माझ्याकडच्या दिनदर्शिकेची गेलेल्या महिन्यांची पानं मागून घ्यायचा, पाठकोऱ्या बाजूवर पट्टीने रकाने आखायचा आणि प्रत्येकाचं वर्ष आठवड्या-आठवड्यांत बसवून द्यायचा. गायत्रीचं पान तिने खोलीच्या भिंतीवर लावलं होतं. इरफानच्या पानावर तर बकरी ईदची सुट्टीसुद्धा धरलेली होती, आणि ‘नंतरचा एक दिवस पोटासाठी’ असंही लिहिलेलं होतं.

त्याच्या स्वतःच्या नावाचं पान मात्र मी कधी पाहिलं नाही. तेव्हा ते ध्यानात आलं नाही. आता येतं.

त्याने आमच्या ह्यांनाही सोडलं नाही. हे मार्केट यार्डात हमाली करतात. एकदा दुपारी यार्डातून आले, दारात काटा लटकलेला पाहिला आणि म्हणाले, ‘‘काय चाललंय?’’

‘‘लोड मोजतोय, काका.’’

‘‘किती भरतोय?’’

‘‘साडेपाचपर्यंत जातो.’’

‘‘साडेपाच काय?’’

‘‘किलो.’’

ह्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. ‘‘मी एका खेपेला पन्नास उचलतो. मला कुठली पदवी देता ते बघा जरा.’’ एवढं बोलून हात धुवायला गेले. दुसरा कोणी असता तर हसून गप्प बसला असता. कुलगुरूने वही उघडली, खेपा विचारल्या, वर्षं विचारली. ह्यांची आंघोळ होईपर्यंत हिशोब करत बसला. मग म्हणाला, ‘‘काका, तुमची पीएच. डी. कधीच झालेली आहे. फक्त कोणी कळवलेलं नाही.’’ तेव्हापासून ह्यांनी यार्डातून काही चांगलं आणलं, सीताफळ म्हणा, हुरडा म्हणा, तर आधी विचारायचे, कुलगुरू जेवून गेले का.

आता माझी चूक सांगते. लाज वाटते, पण लिहायला बसले आहे तर लिहितेच.

कुलगुरूचा दुसरा आवडता प्रश्न होता, ‘क्रेडिट किती?’ नवीन कोणी जेवायला आला की नाव विचारायच्या आधी हा क्रेडिट विचारायचा. मुलं चटकन आकडा सांगायची. गायत्री चोवीस. इरफान सव्वीस. मंदार वीस. अनिकेत स्वतःचे बावीस सांगायचा. आता आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे. तिथे मोठ्या अक्षरात पाटी आहे, ‘क्रेडिट बंद आहे’. तिचा अर्थ मला पक्का माहीत आहे, कारण ती लागली त्याच महिन्यात आमची उधारी थांबली. म्हणजे क्रेडिट ही उधारी. मुलं आपापली उधारी एकमेकांना सांगतात, तीही हसत हसत! एक क्रेडिट म्हणजे हजार रुपये, असा मी माझ्या मनाने अंदाज बांधला. शंभर असते तर इतकी चर्चा झाली नसती आणि लाख असते तर जेवण गेलं नसतं.

गायत्रीवर चोवीस हजार, इरफानवर सव्वीस. माझा जीव कासावीस व्हायचा. महिना झाला तरी मी पैसे मागायची नाही. इरफानच्या भातावर तूप जास्त सोडायची, सगळ्यांत जास्त उधारी त्याची. ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, ‘‘सव्वीस हजार देणं असून पोरगं बासुंदी कधी करताय विचारतं? मोठा माणूस होणार हा.’’

एका बाबतीत मात्र मला अनिकेतचं कळत नव्हतं. तो रोज सकाळी आठला सॅक घेऊन खोलीवरून निघायचा आणि एकला जेवायला यायचा. दप्तर नेहमी भरायचं साडेचार किलो. कधी चार-चार नाही, कधी चार-सहा नाही. बाकीच्यांची दप्तरं रोज बदलायची. आणि एकदा हे म्हणाले, ‘‘तुझा कुलगुरू कॉलेजात जातो म्हणतेस ना? मला तर तो यार्डात दिसतो. ट्रकांचं वजन करायचा मोठा काटा आहे ना, त्याच्या कट्ट्यावर बसलेला असतो. ट्रक भरलेला येतो, रिकामा जातो, हा बघत बसतो.’’

‘‘तुम्ही विचारलं नाही?’’

‘‘विचारलं. म्हणाला, प्रोजेक्ट आहे.’’

मी म्हटलं, असेल. मेकॅनिकलचं मला काय कळतंय.

श्रावण संपत आला होता. एके दुपारी सगळी मुलं जेवून गेली, अनिकेत एकटाच मागे राहिला. मी आत हळद डब्यात भरत होते. मी आत आहे हे मुलांच्या लक्षात राहत नाही, त्यात त्यांची चूक नाही. त्याचा फोन वाजला. जिंतूरहून मोठ्या भावाचा होता. भावाचं तिथे शिलाईचं दुकान आहे आणि त्यानेच ह्याला शिकायला पाठवलं, एवढं मला ठाऊक होतं.

‘‘हो दादा. नाही, यायला नाही जमणार. बावीस क्रेडिट आहेत ना, लोड आहे फार. कोट? अरे, घाई काय आहे कोटाची? पदवी मिळायच्या दिवशी घालायचा ना, मग. हो, माप पाठवतो. छातीचंही पाठवतो. हो, हो.’’

फोन ठेवला. मग त्याने दुसरा फोन लावला, कुणा मित्राला असावा. हा आवाज कुलगुरूचा नव्हताच. हळू, अगदी माझ्यासारखा.

‘‘नाही रे भरणार फॉर्म. शुक्रवारी शेवटची तारीख आहे, माहीत आहे मला. चारच क्रेडिट आहेत रे. चारच. पण तेच निघत नाहीत. तीनदा झालं. दादा तिकडे कापड घेऊन बसलाय. आता बास. कुठेतरी कामाला लागतो आणि घरी सांगून टाकतो. काय सांगू ते नाही माहीत.’’

मी हळदीचा हात घेऊन तशीच उभी राहिले. चोवीसवाली हसते, सव्वीसवाला बासुंदी मागतो, आणि ह्याच्या चारच क्रेडिटसाठी हा शिक्षण सोडून निघाला. चार हजार! तीनदा प्रयत्न केला, पैसे निघाले नाहीत. शुक्रवारी मुदत संपते. म्हणजे कोणी फार वाईट माणूस मागे लागलेला असणार.

त्याच आठवड्यात मला भिशी लागली होती. डब्यात पाचशेच्या आठ नोटा होत्या, मिक्सरसाठी ठेवलेल्या. मी त्या काढल्या. हात पुसायचं राहून गेलं. बाहेर आले, त्याच्या ताटाशेजारी नोटा ठेवल्या आणि आयुष्यात मुलांशी बोलले नव्हते इतकं एका दमात बोलले.

‘‘तुझे चार क्रेडिट आहेत ना, ते शुक्रवारच्या आत देऊन टाक. ज्याचे असतील त्याच्या तोंडावर मार. आणि चारसाठी कुणी शिक्षण सोडतं का? त्या इरफानवर सव्वीस आहेत, तो बघ कसा जेवतो.’’

अनिकेत नोटांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मला वाटलं, तो म्हणेल, तोंडी नको. पण आकडे तर मी ताटाशेजारी ठेवले होते. त्याचा चेहरा दोन-तीनदा बदलला. एकदा हसेलसा वाटला, पण हसला नाही.

‘‘काकू,’’ शेवटी म्हणाला, ‘‘एका क्रेडिटचे किती धरलेत?’’

‘‘हजार. कमी पडतात का?’’

‘‘नाही. बरोबर आहे. हजारच.’’

त्याने नोटा घडी न करता सॅकमधल्या पुस्तकात ठेवल्या. ताट स्वतः उचललं, मोरीत नेऊन घासलं. मी नको नको म्हणत होते.

रविवारी आमच्याकडे एकच वेळ जेवण असतं, दुपारचं, आणि गोड असतं. त्या रविवारी खीर होती, चौघेही होते. अनिकेतने काटा अडकवला. सगळ्यांनी सवयीने सॅक पुढे केल्या. तो म्हणाला, ‘‘आज फक्त माझं.’’ स्वतःची सॅक लावली. सुई थांबली. साडेचार.

मग त्याने सॅक खाली उतरवली, उघडली आणि आतून एकेक वस्तू काढून बाकावर ठेवली. एक जाड पुस्तक. एक वही. पाण्याची बाटली. आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी, जड. कागद सोडला. आत वीट होती.



‘‘मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला नाही,’’ अनिकेत म्हणाला. ‘‘माझा दुसऱ्या वर्षाचा गणिताचा एक पेपर राहिला आहे. एम-थ्री. तो निघाल्याशिवाय शेवटच्या वर्षाला प्रवेश नाही. दीड वर्ष झालं, मला कॉलेजच नाही. एक तास नाही की एक प्रॅक्टिकल नाही. माझे बावीस क्रेडिट नाहीत. चार आहेत.’’

आणि आम्ही समजत होतो की त्याला मोजायची हौस आहे. सकाळी आठला निघून तो कुठे जाणार होता? एकपर्यंतचा वेळ यार्डातल्या काट्यावर जायचा आणि एकनंतरचा माझ्या. दुसऱ्यांचे भरलेले दिवस हातात घेऊन बघायला त्याला बरं वाटत असणार. इरफानचे उभं राहण्याचे पाच तास, गायत्रीचे चाळीस खटले. त्याच्यापाशी एक वीट होती.

इरफानने वीट उचलून उलटसुलट करून पाहिली. ‘‘पण ही तर सिव्हिलवाल्यांची असते रे,’’ तो म्हणाला. ‘‘मेकॅनिकलवाल्याने निदान एखादा नटबोल्ट तरी घ्यायचा.’’

आधी मंदार हसला. मग सगळेच हसले, अनिकेतही. गायत्री डोळे पुसत म्हणाली, ‘‘चारच क्रेडिट? मग तुला काय काम आहे? आजपासून सगळ्यांची ताटं तू उचल.’’

‘‘फॉर्म भरलास का?’’ मंदारने विचारलं.

‘‘शुक्रवारी.’’

‘‘मग तुझं वर्षाचं पान कुठे आहे? आण इकडे पट्टी.’’ आणि ज्याच्या बेताबद्दल सगळे हळहळायचे त्या मंदारने दिनदर्शिकेचं पान उलटं करून त्यावर अनिकेतचं नाव लिहिलं.

क्रेडिटचा खरा अर्थ मला गायत्रीने दुसऱ्या दिवशी सांगितला. मी फक्त विचारलं होतं की तिचे चोवीस फिटायला किती वर्षं लागतील. तिला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती खाली बसली. म्हणाली, ‘‘काकू, क्रेडिट म्हणजे विषयाचं माप. मोठ्या विषयाला चार, लहानाला दोन. पास झालं की ते आपले होतात. उधारी नाही हो.’’ मला पिठाच्या डब्यात शिरून वरून झाकण लावून घ्यावंसं वाटलं. इरफानचं तूप मी त्याच दिवशी कमी केलं. पैसे परत दे, असं मात्र अनिकेतला म्हणाले नाही. त्याला पहिल्या मिनिटापासून माझी चूक कळलेली होती आणि तरी त्याने बरोबर आहे म्हटलं होतं. मग मीच कशाला ती चूक दुरुस्त करू?

मिक्सर कुठे आहे, असं ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, क्रेडिट झाले त्याचे. ह्यांनी खलबत्ता पुढे सरकवला. काही दिवसांनी एवढंच म्हणाले, ‘‘पोरगं त्या आठवड्यात दोन सकाळी यार्डात आमच्या शेठच्या गाळ्यावर वजनं लिहायला बसलं होतं. फॉर्मचे पैसे भरायचेत म्हणालं. अक्षर चांगलं आहे त्याचं.’’ मला नवल वाटलं. चार हजार पुस्तकात ठेवून हा फॉर्मसाठी वजनं कशाला लिहितो?

दिवाळीनंतर परीक्षा झाली. रोज दुपारी ताटं उचलून झाली की तो त्याच बाकावर एम-थ्री घेऊन बसायचा. मी आत पोळ्यांचं पीठ मळायची, तो बाहेर गणिताशी भांडायचा. शब्द काही कळायचे नाहीत, पण कोण हरतंय ते आवाजावरून कळायचं. निकाल लागला तेव्हा तीन मार्क कमी पडले होते.

तो दारात आला. सॅक खांद्यावर, आत आता वीट नव्हती. वीट माझ्याकडे होती, लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून ठेवली होती. म्हणाला, ‘‘काकू, नाही फिटले. मुदत वाढवून द्याल?’’

‘‘व्याज लावत नाही मी,’’ मी म्हटलं. ‘‘जेवून घे.’’

एवढं मी सगळ्यांसमोर बोलले, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

उन्हाळ्यात परत परीक्षा झाली. आषाढात एका दुपारी चौघेही एकदम आले, तेही वेळेच्या आधी, भात व्हायचा होता. अनिकेत सगळ्यांत मागे. चेहऱ्यावरून काही कळेना.

‘‘बोल की,’’ गायत्रीने त्याला ढकललं. ‘‘आकड्यात बोल.’’

‘‘त्रेसष्ट,’’ अनिकेत म्हणाला. ‘‘शंभरपैकी.’’

ह्यांची दुपारची झोप मोडली, हे बाहेर आले. अनिकेतने आधी टेप मागितला, शिलाईचा. माझ्याकडे होता. ह्यांनी त्याच्या छातीचं माप घेतलं, गायत्रीने लिहून घेतलं, इरफान म्हणाला एक इंच जास्त धर, वर्षभर काकूंकडे जेवायचं आहे. माप तिथूनच जिंतूरला गेलं. भावाचा फोन आला तर अनिकेत बाहेर ओट्यावर जाऊन बोलला. बराच वेळ बोलला. खरं सगळं सांगितलं असणार, कारण आत आला तेव्हा नाक लाल होतं आणि म्हणाला, ‘‘दादा म्हणतो, कापड कुठे पळून चाललंय?’’

मग त्याने सॅकमधून ते जाड पुस्तक काढलं. बाकावर ठेवून उघडलं. एका पानात एक पाचशेची नोट होती. ती काढून माझ्यापुढे ठेवली. आणखी दहा-बारा पानं उलटली, दुसरी नोट. मग तिसरी.

‘‘जिथे जिथे अडलो, तिथे एकेक ठेवली होती,’’ तो म्हणाला. ‘‘पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलं की ही दिसायची.’’

आठही नोटा बाहेर आल्या. त्यातल्या दोन-तीन नोटांवर पिवळा अंगठा उमटलेला होता. माझाच, हळदीचा. एकही नोट मोडलेली नव्हती.

‘‘मोजून घ्या काकू. तोंडी नको.’’

सगळे माझ्याकडे बघत होते. घशात नेहमीचं ते काहीतरी आलं, पण मी ते गिळलं. नोटा हातात घेतल्या आणि पाचजणांसमोर, बाहेरच्या खोलीत उभी राहून मोठ्याने मोजल्या. पाचशे, हजार, दीड हजार, दोन हजार, अडीच, तीन, साडेतीन. शेवटची नोट थोडा वेळ हातातच धरली.

‘‘चार,’’ मी म्हटलं. ‘‘फिटले.’’